मागाच्या खोलीचा निळा : बेळगाव-शहापूरच्या घरातल्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

मागाची खोली आज पूर्ण रिकामी झाली. विणायचा माग जाऊन चौदा वर्षं झाली, तरी आमच्या घरात त्या खोलीला दुसरं नाव मिळालेलं नाही. इतके दिवस तिथं गव्हाचं पिंप, मुलीची जुनी सायकल, दोन मोडक्या खुर्च्या आणि ज्याला घरात कुठंच जागा नाही असं सगळं पडून होतं. आता बैठक इथं आणायची. त्याच दमात आत्तींची, म्हणजे सासूबाईंची, मागची खोलीही करून घ्यायची. स्वयंपाकघर जमलं तर जमलं.

रंग निळा, हे ठरलंय. ह्यांनी "क्रीम बरा" म्हणून बघितलं. पण गेल्या वेळी सगळं घर क्रीम केलं होतं आणि दोन पावसाळ्यांत त्याच्यावर चहा सांडल्यासारखे डाग उठले.

हिशेबाला लागेल म्हणून लिहून ठेवते: खोली १४ बाय ११ फूट. भिंती जांभ्याच्या, त्यावर चुन्याचा जुना गिलावा, वर मंगळुरी कौलं. भिंतीची उंची सरासरी ९ फूट. खिडकी एकच, पश्चिमेची. जमीन लाल कोब्याची. खड्डामागाचा खड्डा बुजवला तिथला कोबा नवा, म्हणून तेवढा चौकोन जास्त लाल दिसतो. आणि कौलांत एक काचेचं कौल. धोटा कुठं चाललाय ते दिसावं म्हणून मामंजींनी बसवून घेतलेलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

शाळा सुटल्यावर रंगाच्या दुकानात. कार्डावर निळ्याची पाच पानं. नावं सगळी इंग्रजी, समुद्राची आणि परदेशी गावांची. आत्तींना दाखवली तर त्यांनी बोट ठेवत सरळ वाटणी केली: हा आकाशी, हा मोरपंखी, हा राजवर्खी, हा निळीचा. एका राखाडी निळ्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, "ह्यो धुऊन धुऊन इटलेला." मला नेमका तोच आवडला होता.

पाच छटांचे छोटे डबे आणले. दुकानदार म्हणाला, "टीचर, कार्डावर बघून घ्या की, एवढं कशाला?" घेतले.

९ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस नुसतं बघण्यात गेला आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

भिंतीवर सरळ पट्टे मारले नाहीत. दोन फुटी पुठ्ठ्यांवर आधी पांढरा, मग दोन हात रंग, कडेला बोटभर पांढरी पट्टी सोडलेली. पुठ्ठा हलवता येतो, खाली-वर धरता येतो. इमल्शन ओलं असताना फिकट दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं, म्हणून दुपारपर्यंत कुणालाच मत देऊ दिलं नाही.

सकाळी नऊला खोलीत थेट ऊन नसतं. तेव्हा तो 'इटलेला' राखाडी निळा नुसता राखाडी होता, सिमेंटच्या पोत्यासारखा. आकाशी पांढऱ्यात जमा. राजवर्खी तेवढा निळा. दुपारी साडेबारा-एकला काचेच्या कौलातून उन्हाचा हातभर तुकडा आत आला आणि जमिनीवर पडला. मग जे झालं ते मी आधी मनात धरलंच नव्हतं. कोबा उजळला आणि समोरच्या भिंतीला टेकवलेल्या पुठ्ठ्यांचा खालचा भाग जांभळट झाला. वरचा निळाच. एकाच पुठ्ठ्यावर दोन रंग. आत्ती दारातून म्हणाल्या, "हे काय निळं हाय होय? वांग्याचं सालपट दिसतंय की."

कारण साधं आहे आणि ते मी दरवर्षी फळ्यावर काढते: लाल पृष्ठभाग लाल प्रकाश परत फेकतो. कोब्यावरून आलेला तो तांबूस उजेड निळ्या भिंतीवर पडला की दोन्ही मिळून जांभळा. जमिनीच्या जवळ जास्त, वर जाईल तसा कमी. पुठ्ठा सरकवत मोजलं. साधारण फूटभर उंचीपर्यंत ठळक कळतं, दोन फुटांच्या वर डोळ्याला लागत नाही.

चारनंतर पश्चिमेचं पिवळं ऊन. मोरपंखी एकदम हिरवा झाला. बाद.

साडेसहाला दिवा न लावता बसून राहिले. कोबा काळा पडत गेला आणि निळे पुठ्ठे मात्र उजळ राहिले, जणू आतून. हाही डोळ्याचाच खेळ. उजेड कमी झाला की शंकूपेशी मागं पडतात, दंडाकार पेशी काम घेतात, आणि त्यांना लाल जवळजवळ दिसत नाही, निळा-हिरवा चांगला दिसतो. पुर्किंजे नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे टिपून ठेवलं. मी आज शहापुरात टिपलं. मुलगी म्हणाली, "मम्मी, दिवा लाव की, अभ्यास कसा करू?"

१२ फेब्रुवारी, बुधवार

जांभळ्याचा प्रश्न सुटला असं वाटतंय.

आत्तींच्या पेटीतली इरकल आज उन्हात टाकली होती. अंग निळं, काठ तांबडा, दोन्हींच्या मध्ये बारीक फिकी रेघ. दोरीवर ती वाऱ्यानं फुगत होती आणि मी तिच्याखालून तीनदा ये-जा केली तेव्हा कुठं डोक्यात आलं. लालाशेजारी निळा इथं किती वर्षं नांदतोय! मग भिंतीलाही काठ द्यावा. तळाला नऊ इंचांचा विटकरी पट्टा, त्यावर अर्ध्या इंचाची पांढरी रेघ, मग निळा. जिथं कोब्याची तांबूस झाक सर्वांत जास्त पडते तिथं निळा नसेलच. शिवाय पोछा मारताना उडणारे शिंतोडेही त्या पट्ट्यावरच बसतील.

आत्तींना सांगितलं तर त्यांना काही नवल वाटलं नाही. "गेरूचा पट्टा म्हण की. यळ्ळूरला आमच्या आईच्या घरी असायचाच." मग इरकलीचा पदर उलटा करून कोंडी दाखवत बसल्या: पदराचा ताणा वेगळा, अंगाचा वेगळा, आणि जिथं दोन्ही एकमेकांत अडकवतात ती कोंडी. बोटाला तिथं जाडसर लागतं. रंगाचं काम बाजूला राहिलं, पण हे मला लग्नाला सतरा वर्षं होऊन आज कळलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

पेंटरमामा आले, सोबत एक पोरगा. पत्र्यानं खरवडायला सुरुवात. खिडकीच्या बाजूला रंगाचे पोपडे वहीच्या पानासारखे निघाले, तर एक मोठा पोपडा मी ठेवून घेतला. कडेनं बघितलं तर थर मोजता येतात: वर आमचा क्रीम, खाली पिस्ता डिस्टेंपर, त्याखाली गुलाबी, पुन्हा पांढरा, आणि सगळ्यांत खाली चुन्यात मुरलेला फिका निळा. मामंजींच्या काळातला असणार. माग होता तेव्हा ही खोली निळीच होती. ह्यांना दाखवला. काही बोलले नाहीत, पण क्रीमचं नाव परत काढलं नाही.

खिडकीखाली गिलावा पोकळ वाजत होता. चार बाय तीन फुटांचा तुकडा काढून टाकावा लागला. मामांचं म्हणणं होतं की जुन्या चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा करू. त्याला दिवस जास्त लागतील म्हणून मी सिमेंटवर अडून बसले.

ओल आहे का हे बघायला दोन ठिकाणी प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी टेपनं चिकटवून ठेवलाय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मागाच्या खोलीतलं प्लास्टिक आतून कोरडं. आत्तींच्या खोलीतल्याला मात्र आतून दव. ती भिंत उत्तरेची, पावसाळ्यात तिला लोणा धरतो. तिथं पुट्टी, प्रायमर, इमल्शन असं काहीच नको. ओल आत कोंडली की सगळं फुगून बाहेर येतं. तिथं चुनाच. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

रंगाचा हिशेब. घेर ५० फूट. पट्ट्याच्या वरपासून साडेसात फुटांपर्यंत निळा, त्याच्या वर कौलांपर्यंत पांढरा, नाहीतर खोली विहिरीसारखी होईल. म्हणजे निळ्याची उंची पावणेसात फूट. ५० गुणिले ६.७५ म्हणजे ३३७ चौरस फूट. दार-खिडकीचे ४५ वजा, राहिले सुमारे २९०. गडद निळ्याला तीन हात लागतात, म्हणून लिटरला ८० चौरस फूट धरले. चार लिटरचा डबा.

तीन हात का, हे दुकानात समजून घेतलं. फिकट रंगाच्या बेसमध्ये पांढरं रंगद्रव्य, टायटॅनियम डायऑक्साइड, भरपूर असतं आणि झाकण्याचं काम तेच करतं. गडद रंगाचा बेस जवळजवळ पारदर्शक असतो. त्यात यंत्रानं कितीही निळा सोडला तरी पहिल्या हाताला खालचं सगळं दिसतं. उपाय म्हणून प्रायमरमध्येच काळ्या स्टेनरचे, म्हणजे मिसळायच्या घट्ट रंगाचे, थोडे थेंब टाकून तो राखाडी करून घ्यायचा. राखाडीवर निळा लवकर भरतो.

छटा ठरली ती राजवर्खी आणि निळीच्या मधली. बिलावर दुकानदारानं कन्नडात 'नीलि' लिहिलं. नाव आपल्या निळीचंच.

१ मार्च, शनिवार

पहिला हात. भयंकर. रोलरचे पट्टे, मधे राखाडी, कोपरे गडद. मुलगी म्हणाली शाईची बाटली फुटलीय. मामा शांत. "पैला हात कोण बघत नाय, टीचर."

२ मार्च, रविवार

दुसरा आणि संध्याकाळी तिसरा. आता भरला. मामांची एक पद्धत बघण्यासारखी. कोपऱ्यात ब्रशनं चार बोटं कापून घेतात आणि ती ओली असतानाच रोलर आणून भिडवतात. पोरगा आधी सगळ्या कडा कापून ठेवायला निघाला होता. त्याच्या हातावर चापट बसली. कड वाळली आणि मग रोलर आला तर तिथं चौकट उमटते, दुसऱ्या हातानंही जात नाही.

९ मार्च, रविवार

खिडकीखाली तो नव्या गिलाव्याचा तुकडा बरोब्बर चार बाय तीन फुटांत फिका पडलाय. वर हात फिरवला तर पांढरी भुकटी बोटाला.

चूक माझी. गिलावा करून दोन आठवडे पुरते व्हायच्या आतच रंग लावून घेतला. ओलं सिमेंट कडक अल्कधर्मी असतं. ते महिनाभर तरी सुकू द्यावं लागतं, नाहीतर पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं आणि रंग खातं. नववीच्या पोरांना लिटमस दाखवणारी बाई स्वतःच्या भिंतीवर हे विसरली. मामा "मी म्हणालो होतो" असं एकदाही म्हणाले नाहीत, त्यामुळं जास्तच लागलं.

भुकटी कोरड्या ब्रशनं झाडायची. पाण्यानं धुतली तर क्षार परत आत जातात. तुकडा खरवडून उघडा ठेवलाय, महिनाअखेरीपर्यंत.

१६ मार्च, रविवार

आत्तींच्या खोलीचा चुना. हे काम मला सगळ्यांत आवडलं.

कळीचा चुना काल लोखंडी पिंपात भिजवला. ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही, चुना ते खातो. पाण्यात कळी पडली की क्षणभर काहीच होत नाही. मग ढेकूळ तडकतं आणि पाणी उकळायला लागतं. मुलीला चष्मा लावून लांब उभं केलं होतं. शिंतोडा डोळ्यात गेला तर खेळ नव्हे. रात्रभर मुरल्यावर आज जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळला. हाताला ताकावरच्या लोण्यासारखा लागतो, पण हातमोजे हवेतच. त्यात भिजवलेला डिंक, म्हणजे वाळल्यावर पाठीला पांढरं लागत नाही.

आणि नीळ. गेल्या आठवड्यात दोन डब्यांत नमुना केला होता: एकात बाटलीतली पातळ नीळ, दुसऱ्यात पुडीतली कोरडी. बाटलीतल्या निळीचा नमुना आठवड्यात उडाला, पुडीतला तसाच. बाटलीत विरघळणारा रंग असतो, पुडीत अल्ट्रामरीनची भुकटी. जुन्या काळी हा निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला राजवर्ख दगड कुटून काढायचे. १८२० च्या दशकात गिमे नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने तो चिनी माती, सोडा, गंधक, कोळसा भट्टीत घालून बनवला आणि मग तो कपड्यांच्या निळीपर्यंत खाली आला. चुन्याचं त्याला काही वाटत नाही. आम्लाचं वाटतं. पुडीतल्या चिमटीवर लिंबू पिळून बघितलं, रंग मेला आणि नासक्या अंड्याचा वास आला. आता ही परीक्षा वर्गात घेणार.

पुडी आधी फडक्यात बांधून पाण्यात चोळायची, सरळ टाकली तर भिंतीवर निळे तारे उमटतात. आत्ती खुर्ची टाकून बसल्या होत्या. मामा चमच्यानं घालत होते, "स्वल्प... स्वल्प..." आत्ती कन्नडात म्हणाल्या, "साकु, साकु!" म्हणजे पुरे. मला पिंपातला रंग फारच गडद वाटला. पण चुना इमल्शनच्या उलट वागतो. ओला असताना गडद आणि जवळजवळ पारदर्शक, वाळताना पांढरा होत जातो. पहिला हात मारला तेव्हा भिंतीवर नुसतं पाणी मारल्यासारखं होतं, खालचे डाग सगळे दिसत होते. तासाभरात एका कोपऱ्यातून फिका निळा वर येऊ लागला, ढग सरकावा तसा. संध्याकाळी आम्ही चौघंही तिथंच उभे.

तो रंग आणि मी ठेवलेल्या पोपड्याच्या तळाचा रंग शेजारी धरून बघितला. पोपड्याचा थोडा जास्त राखाडी. चुलीच्या धुराचा असेल.

२३ मार्च, रविवार

स्वयंपाकघर: पांढरंच ठेवलं, फळीला फक्त आकाशी. पैसे संपले.

५ एप्रिल, शनिवार

पाडवा खिडकीखालच्या उघड्या चौकोनासकट साजरा झाला. पाहुण्यांनी विचारलं, "हे काय डिझाईन?" ह्यांनी "होय" म्हणून सांगितलं.

आज तिथं क्षार रोखणारा प्रायमर आणि रंग. नुसता तेवढाच तुकडा रंगवला तर उजेडात ठिगळ दिसतं, म्हणून त्या भिंतीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक हात दिला. मग काठ. विटकरी पट्टा मामांनी मारला, पांढरी रेघ मात्र मी. मास्किंग टेप लावली, तिच्या कडेवर आधी विटकरीचाच एक पातळ हात दिला, म्हणजे फटीतून आत जायचा तो रंग खालच्याच रंगाचा जातो. मग पांढरा, आणि पुरता वाळायच्या आत टेप तिरकी ओढून काढली. तेरा फूट सरळ आली, शेवटचा फूट भिंतच वाकडी आहे.

दुपारी एकला मुद्दाम बसले. कौलातला उन्हाचा तुकडा कोब्यावर आला. तांबूस झाक पट्ट्यावर चढली आणि तिथंच राहिली. निळ्याच्या तळाला किंचित आहे, पण आत्तींना वांगं दिसलं नाही.

२० एप्रिल, रविवार

दिवे. आधीचा बल्ब पिवळा, ३००० केल्विनचा. त्यात आमचा निळा मळकट. पांढरा ६५०० चा लावला तर निळा झकास पण माणसं आजारी. ४००० चा आणला, दोन्हीकडून थोडं सोडून द्यावं लागलं.

गाद्यांना गुळेदगुड्डचा खण, हळदी आणि तांबडा. खणाचा पन्हा लहान, त्यामुळं एका लोडाला जोड घ्यावी लागली. जोड मागच्या बाजूला. पडदे पांढरे सुती. निळ्यावर निळे पडदे घेऊन बघितले होते, खोलीत बुडाल्यासारखं वाटलं.

वरच्या पांढऱ्या भागाचा शेवटचा हात राहिलाय. मामांचा पोरगा शिवजयंतीच्या चित्ररथाच्या कामाला गेला, आता मिरवणूक होईपर्यंत मिळत नाही. बेळगावात वैशाखात रंगारी शोधू नये.

१ जून, रविवार

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. आठवडाभर ऊन नाही. मागाची खोली या उजेडात कशी दिसते तेच बघायचं राहिलं होतं. निळा खोल गेलाय, आणि कोबा पुसला की भिंतीचा रंग जमिनीत दिसतो. दुपारी दिवा लावावा लागतो हे खरं, आणि ह्यांनी ते दोनदा बोलून दाखवलं.

आत्तींच्या उत्तरेच्या भिंतीवर तळाला ओलीची गडद कमान चढलीय, वीतभर. चुना ओला झाला की आतला निळा परत वर येतो. पोपडे नाहीत. गेल्या वर्षी याच सुमारास हाताएवढे पडले होते.

डब्यात अर्धा लिटर निळा उरलाय. झाकणावर छटेचा नंबर आणि तारीख लिहून डबा माळ्यावर ठेवणार होते, तर आत्ती म्हणाल्या, "माझ्या दाराला मार की तो." दार सागवानी आहे, तेलपाणी केलेलं, त्यावर इमल्शन धरणार नाही. तसं सांगितलं. "मग धरंल असला आण," म्हणाल्या.